युद्धसिद्धतेची हजिरी

संचलनाच्या मैदानावर सगळ्या पलटणी सारख्याच शूर दिसतात. बूट चकाकत असतात, पावले एका तालात पडतात, बँड वाजत असतो आणि पाहणाराची छाती अभिमानाने भरून येते. परंतु कोणत्या पेटीत काडतुसे आहेत व कोणती पेटी रिकामी आहे, कोणता रणगाडा खरोखरी चालता आहे व कोणता आदल्या रात्री दुसऱ्या रणगाड्याचे भाग काढून कसाबसा उभा केला आहे, हे त्या मैदानावर उमगत नाही. ते ठाऊक असते त्या पलटणीच्या अधिकाऱ्याला. आणि ते उघड बोलण्याची सर्वांत अधिक चोरी असते तीही त्यालाच. सैन्य सिद्ध होते की नव्हते याचा निकाल लढाई सुरू झाली म्हणजे आपोआप लागतो खरा. पण त्या वेळी तो समजून उपयोग काय? म्हणून सैन्याने आपल्या सिद्धतेचा हिशेब कोणास, किती दिवसांनी आणि कोणत्या रीतीने द्यावा, हे कायद्यानेच बांधून टाकण्याचा उद्योग काही राष्ट्रांनी केला. त्यांतही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी तो ज्या नेटाने केला, आणि करूनही ज्या ठेचा खाल्ल्या, त्यांची हकीकत श्रोत्यांनी ऐकण्यासारखी आहे.

तारीख होती ५ जुलै १९५०. दक्षिण कोरियातील ओसान गावाच्या उत्तरेस, भर पावसात, सुमारे ५४० अमेरिकन शिपाई व तोफची सडकेच्या दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर दबा धरून बसले होते. लेफ्टनंट कर्नल चार्ल्स स्मिथ हे त्यांचे प्रमुख. जपानातील आपल्या छावणीतून त्यांना चार दिवसांपूर्वी घाईघाईने विमानात घालून आणलेले. प्रत्येकाजवळ १२० काडतुसे आणि दोन दिवसांची शिदोरी. सकाळी उत्तरेकडून रशियन बनावटीचे टी-३४ जातीचे तेहेतीस रणगाडे आले. रणगाडे फोडण्याकरिता या तुकडीजवळ जी खांद्यावरची रॉकेटनळी होती ती २.३६ इंची, म्हणजे गतयुद्धातील जुनी. एका लेफ्टनंटाने अगदी जवळ जाऊन, रणगाड्यांची पाठ साधून, एकामागून एक बावीस रॉकेटे सोडली. रणगाडे पुढे चालतच राहिले. तोफांपाशी पोलाद भेदणारे खास गोळे होते, ते उणेपुरे सहा. रस्त्यात पेरावयाला सुरुंग नव्हते. दुपारपर्यंत तुकडी उधळली गेली. मेलेले, जखमी आणि हरवलेले मिळून दीडशेच्या आसपास माणसे गेली. त्याहून मोठी, ३.५ इंची रॉकेटनळी अमेरिकेत तयार होऊन पडलेली होती. ती त्याच महिन्यात विमानाने कोरियात धाडण्यात आली. टेकडीवरच्या लोकांना अर्थातच तिचा उपयोग नव्हता.

पाच वर्षांपूर्वी ज्या सैन्याने जपान व जर्मनी यांस शरण आणले त्याच सैन्याची ही दशा. ती एका रात्रीत झालेली नव्हती. जपानात ठेवलेल्या अमेरिकन डिव्हिजनांमधील बहुतेक रेजिमेंटांत तीनांऐवजी दोनच बटालियनी उरल्या होत्या. खर्च तोडताना त्या कमी केल्या गेल्या होत्या आणि तशी नोंद कागदोपत्री होती. म्हणजे ही गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती असे नव्हे. ठाऊक असणारे पुष्कळ होते. पण ज्यांनी पैसा मंजूर करावयाचा त्यांच्यापुढे ती नेमाने, एका ठरलेल्या नमुन्यात, ठेवण्याचे बंधन कोणावर नव्हते.

येथे एका जुन्या तरतुदीची आठवण करणे योग्य होईल. अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली लिहिली गेली, तेव्हा सैन्य उभारण्याचा अधिकार अध्यक्षाला न देता काँग्रेसला, म्हणजे तेथील विधिमंडळाला, दिला गेला. इतकेच नव्हे तर भूसेनेसाठी एका वेळी दोन वर्षांहून अधिक मुदतीचा पैसा मंजूर करावयाचा नाही असा निर्बंधही घातला गेला. इंग्रज राजाच्या खड्या सैन्याचा त्या लोकांनी धसका घेतलेला होता. सैन्य फार बलवान होऊन डोक्यावर बसेल ही त्यांची भीती. दीडशे वर्षांनंतर प्रश्न उलटा झाला: सैन्य बलवान दिसते आहे, पण आतून ते पोकळ तर नाही ना? दोन्ही प्रश्नांचे उत्तर मागण्याचा अधिकार मात्र एकाच ठिकाणी राहिला. जो पैसा देतो त्याने हिशेब विचारावा, ही घरातली साधी रीत.

‘पोकळ’ हा शब्द भूसेनेच्या एका सरसेनापतीने स्वतःच वापरला. १९८० च्या मे महिन्यात जनरल एडवर्ड मायर यांनी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देताना आपली भूसेना आतून पोकळ झाली आहे असे सांगितले. वरिष्ठ मंत्र्यांना ते रुचण्यासारखे नव्हते. पण त्याआधी एकच महिना, २४ एप्रिल रोजी, इराणात ओलीस ठेवलेल्या अमेरिकनांना सोडवण्याकरिता आठ हेलिकॉप्टरे वाळवंटाकडे निघाली होती. पुढील कामास किमान सहा हवी होती. सुस्थितीत राहिली पाच. मोहीम सोडून परत फिरताना एक हेलिकॉप्टर मालवाहू विमानावर आदळले आणि आठ माणसे मेली. अशा प्रसंगानंतर जनरलसाहेबांचे म्हणणे खोडून काढावयास कोण धजणार?

तरीही नियमित अहवालाचा कायदा व्हावयास आणखी सोळा वर्षे लागली. १० फेब्रुवारी १९९६ रोजी सही झालेल्या संरक्षणविषयक कायद्याने अमेरिकन संहितेच्या दहाव्या खंडात ४८२ वे कलम घातले. त्यान्वये संरक्षणमंत्र्याने सैन्याच्या सिद्धतेचा अहवाल दर तिमाहीस काँग्रेसकडे पाठवावयाचा. (पुढे लेखी अहवाल सहामाही करण्यात आला.) १९९८ च्या ऑक्टोबरात ११७ वे कलम आले, ते अधिक मुळाशी जाणारे. सिद्धता मोजण्याची एक सर्वंकष पद्धती उभारावी. ती मोजणी वस्तुनिष्ठ, बिनचूक आणि वेळच्या वेळी झाली पाहिजे, असे कायद्याच्या शब्दांतच नमूद झाले. दर महिन्यास मोजणी व्हावी. आणि एखाद्या तुकडीच्या सिद्धतेत नोंद करण्याजोगा फरक पडला, तर तो ज्या घटनेने पडला तीपासून चोवीस तासांच्या आत कळवावा. एका वाहनाचा, नौकेचा अथवा विमानाचा चालू भाग काढून दुसऱ्याला बसवण्याचे प्रकार किती घडतात, तेही मोजावे असे त्यात आहे. हे कलम लिहिणाराला छावणीतील व्यवहाराची चांगली माहिती असली पाहिजे. कोठारात नवे भाग नाहीत म्हणून दहा विमानांपैकी दोन विमाने सोलून आठ उडती ठेवावयाची, आणि वर ‘आठ विमाने सज्ज’ असे कळवावयाचे, ही युक्ती सर्व देशांच्या सैन्यांना परिचित आहे. आठ हा आकडा खोटा नसतो. तो कोठून आला एवढेच सांगितलेले नसते.

मोजणीची रीत अशी आहे. माणसे किती, हाती असलेली सामग्री किती, त्या सामग्रीची दुरुस्ती कशी, आणि शिक्षण किती झाले, या चार बाबी पाहावयाच्या. प्रत्येक बाबीस क्रम द्यावयाचा. भूसेनेच्या नियमांत माणसांचे प्रमाण नव्वद टक्के वा अधिक असेल तर पहिला क्रम, ऐंशीवर दुसरा, सत्तरवर तिसरा, आणि त्याखाली चौथा, अशी प्रतवारी आहे. चारांपैकी जी बाब सर्वांत खालची, तोच त्या तुकडीचा एकंदर क्रम. ही शेवटची अट मोठी मार्मिक आहे. शाळेत गणितात नापास झालेल्या मुलाची बेरीज संस्कृताच्या गुणांनी भरून निघते. येथे तसे होत नाही. माणसे शंभर टक्के असली आणि तोफा बिघडलेल्या असल्या, तर ती माणसे शंभर टक्के असण्याला अर्थ उरत नाही. अधिकाऱ्याला स्वतःच्या विवेकाने हा क्रम वर वा खाली करता येतो. मात्र का केला ते लिहावे लागते.

परंतु उत्तरपत्रिका लिहिणाराच ती तपासणार, हा या व्यवस्थेतील जुना दोष. तुकडी मागे आहे असे ज्या अधिकाऱ्याने लिहावयाचे, त्याची बढती ती तुकडी पुढे असण्यावर अवलंबून असते. २००२ साली अमेरिकन भूसेनेच्या युद्धमहाविद्यालयातील लेनर्ड वाँग यांनी एक हिशेब मांडला. कंपनीच्या प्रमुखाला वर्षात शिक्षणासाठी मिळणारे दिवस २५६; आणि वरून सक्तीने लादलेल्या शिक्षणाला लागणारे दिवस २९७. म्हणजे नियम शब्दशः पाळावयाचे तर वर्ष एक्केचाळीस दिवसांनी लांबले पाहिजे! तरीही ‘सर्व शिक्षण पूर्ण’ असे तक्ते भरून जातच होते. २०१५ साली वाँग आणि स्टीफन गेरास या दोघांनी या विषयावर निबंध लिहिला आणि त्याचे नावच ‘स्वतःशी खोटे बोलणे’ अशा अर्थाचे ठेवले. हे अधिकारी स्वभावाने लबाड आहेत असे त्यांचे म्हणणे नव्हते. अशक्य मागण्या आणि त्यांवर सह्या, यांची इतकी सवय होते की सही करताना मनाला काही टोचेनासे होते, असा त्यांचा निष्कर्ष. ज्या गृहस्थांनी कचेरीत चाकरी केली आहे त्यांना हे समजण्यास युद्धशास्त्र शिकावयास नको.

हा रोग आजचाही नाही. अकबराच्या मनसबदारांनी कागदावर जितके स्वार दाखवावे तितके प्रत्यक्षात नसत. म्हणून घोड्यांवर डाग देण्याची आणि स्वारांचे चेहरे लिहून ठेवण्याची चाल त्याने सक्तीची केली. तशी चाल त्याच्याही आधी अल्लाउद्दीन खिलजीने पाडलेली होती. इतके करूनही हजिरीच्या दिवशी उमराव आपल्या घरच्या चाकरांना शिपायांचा वेष चढवून उभे करीत, अशी तक्रार बदायुनी या समकालीन इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. डाग घोड्यावर देता येतो. निष्ठेवर देता येत नाही, हे बादशहालाही कळून चुकले असावे.

खरे लिहिणाराची गत काय होते याचेही एक उदाहरण आहे. १९९९ च्या नोव्हेंबरात अमेरिकन भूसेनेच्या दहापैकी दोन डिव्हिजनांच्या प्रमुखांनी आपल्या डिव्हिजनला सर्वांत खालचा, चौथा क्रम लावून घेतला. त्यांचे शिपाई नादान नव्हते. त्यांच्या काही ब्रिगेडी बॉस्निया व कोसोव्हो येथे शांततारक्षणाच्या कामी गुंतल्या होत्या. मोठे युद्ध उद्भवले तर त्या वेळेत सोडवून, शिकवून, दुसरीकडे नेता येणार नाहीत, एवढेच त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. कायद्याला हवे होते ते नेमके हेच. पण पुढच्या वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक होती. ३ ऑगस्ट २००० रोजी उमेदवारी स्वीकारण्याच्या भाषणात जॉर्ज बुश यांनी, अध्यक्षाने आज हाक दिली तर दोन अख्ख्या डिव्हिजना ‘सज्ज नाही’ असे उत्तर देतील, असे सांगून टाळ्या घेतल्या. तोवर त्या दोन्ही डिव्हिजनांची स्थिती सुधारली होती, असा खुलासा भूसेनेला करावा लागला. एकदा प्रामाणिकपणे लिहिलेले वाक्य व्यासपीठावर असे वाजवले गेले, म्हणजे पुढच्या खेपेस लेखणी थोडी अडखळणारच. विरोधकांनी अहवाल वापरू नये असे नव्हे; त्याकरिताच तो असतो. पण तो ताजा आहे की शिळा, एवढे पाहण्याची तसदी त्यांनी घ्यावयास हवी होती.

आता २०१७ या वर्षाकडे वळावे. अमेरिकेच्या सातव्या आरमाराचा तळ जपानात योकोसुका येथे आहे. त्या वर्षी ३१ जानेवारीस अँटीटम ही क्रूझर टोकियोच्या उपसागरात खडकाला लागली. ९ मे रोजी लेक शॅम्प्लेन या क्रूझरची कोरियन मासेमारी बोटीशी टक्कर झाली. १७ जूनच्या मध्यरात्रीनंतर फिट्झजेराल्ड ही विनाशिका जपानच्या किनाऱ्याजवळ एका प्रचंड व्यापारी जहाजावर आदळली; पाण्याखाली फाटलेल्या भागात झोपलेल्या खलाशांपैकी सात बुडून मेले. २१ ऑगस्टच्या पहाटे जॉन मॅकेन ही विनाशिका सिंगापूरनजीक एका तेलवाहू जहाजासमोर आली. दहा खलाशी गेले. आठ महिन्यांत चार अपघात आणि सतरा बळी. तेही शांततेच्या काळात, कोणाही शत्रूने बोट न लावता.

मॅकेन नौकेची चौकशी वाचली म्हणजे सिद्धता या शब्दाचा अर्थ डोळ्यांपुढे उभा राहतो. पहाटे गर्दीच्या जलमार्गात शिरताना सुकाणू व वेग यांची कामे दोन खलाशांत वाटून देण्याचा हुकूम झाला. ती वाटणी यंत्राच्या पडद्यावर बोट लावून करावयाची असते. ती करताना वेगाबरोबर सुकाणूही नकळत शेजारच्या जागेवर गेले, आणि सुकाणूवरच्या माणसाला वाटले की सुकाणूच निकामी झाले! ज्यांना त्या यंत्राची माहिती पुरी असावयाची, त्यांतले काही जण तात्पुरते अँटीटमवरून आणलेले होते; तिच्यावरचे यंत्र निराळे, आणि या नौकेवरचे त्यांना नीट शिकवलेले नव्हते. हजिरीपटावर पाहावे तर जागा भरलेल्या होत्या.

काँग्रेसच्या हिशेबतपासणी कार्यालयाने मे २०१५ मध्येच इशारा दिला होता की परदेशी तळावरच्या नौकांना सतत कामगिरीवर धाडले जाते आणि शिक्षणासाठी राखून ठेवलेला काळ त्यांच्या वेळापत्रकात नाही. अपघातांनंतर सप्टेंबर २०१७ मध्ये त्याच कार्यालयाने सांगितले की जपानमधील क्रूझर व विनाशिका यांच्यावरील खलाशांच्या युद्धविषयक प्रमाणपत्रांपैकी ३७ टक्क्यांची मुदत जूनमध्येच संपून गेलेली होती. दोन वर्षांत हे प्रमाण पाचपटीहून अधिक वाढले होते. म्हणजे अहवाल होते, कायदा होता, तपासनीस होते, इशाराही होता. नव्हते ते एवढेच, की तक्त्यातला लाल आकडा पाहून कोणी तरी एखादी नौका धक्क्यावर थांबवून ठेवावी. सातव्या आरमाराकडे आलेली प्रत्येक कामगिरी तातडीची असे. आणि ‘होत नाही’ हे दोन शब्द आरमाराच्या परंपरेत बसत नाहीत. दक्षता नसलेला अहवाल म्हणजे वैद्याने नाडी पाहून वहीत लिहून ठेवावी आणि औषध मात्र देऊ नये, तसा प्रकार.

१३ ऑगस्ट २०१८ रोजी संमत झालेल्या वार्षिक संरक्षण कायद्याने यावर काही उपाय योजले. एखादी नौका परदेशी तळावर लागोपाठ दहा वर्षांहून अधिक ठेवू नये हा एक. दुसरा नौकांच्या तपासणीचा. अमेरिकन आरमारात १८८२ पासून कायद्याने स्थापलेले एक पाहणी-मंडळ आहे. नौका लढावयास लायक आहे की नाही हे ते ठरवते. ही पाहणी पूर्वी आगाऊ कळवून होत असे. आता जवळजवळ न कळवता व्हावी असे ठरले. ज्यांनी शाळा पाहिल्या आहेत त्यांना यातले इंगित सांगावयास नको. डेप्युटीसाहेब येणार असे पंधरा दिवस आधी कळले म्हणजे भिंतींना रंग लागतो, नकाशे टांगले जातात, हुशार मुले पुढच्या बाकावर येतात, आणि साहेबांचा शेरा उत्तम मिळतो. त्या शेऱ्यावरून त्या शाळेत एरवी काय चालते हे साहेबांना कळत नाही, आणि गावालाही. तिसरी तरतूद याहून महत्त्वाची: या मंडळाने दर वर्षी १ मार्चच्या आत काँग्रेसला अहवाल द्यावा, आणि तो गुप्त नसावा, सर्वांना पाहता यावा.

ही तरतूद कशासाठी, त्याला पूर्वेतिहास आहे. २००८ साली चोझिन व स्टाउट या दोन युद्धनौका पाहणीत नापास झाल्याची बातमी वृत्तपत्रांत आली. आरमाराची शोभा झाली. त्यानंतर नौका सुधारण्याबरोबर आणखी एक सुधारणा झाली, ती अशी की पाहणीचे निकाल गुप्त ठरवण्यात आले. दहा वर्षे ते गुप्त राहिले. त्या दहा वर्षांत त्यांपासून शत्रू किती अजाण राहिला कोण जाणे. मतदार मात्र अजाण राहिला खास. योगायोग असा की २०१८ च्या या कायद्याला सेनेटर जॉन मॅकेन यांचे नाव दिले आहे. सेनेटच्या सैन्यविषयक समितीचे ते अध्यक्ष. आणि अपघातातली नौका त्यांच्या आजोबांच्या व वडिलांच्या, दोघाही ॲडमिरलांच्या, नावाची. कायद्यावर सही झाल्यापासून बाराव्या दिवशी ते वारले.

गुप्ततेचा प्रश्न सोपा आहे असे कोणी समजू नये. कोणत्या कोठारात कोणत्या तोफेचे किती गोळे आहेत हे जगजाहीर करणे शहाणपणाचे नाही. ४८२ व्या कलमाखालच्या अहवालांचाही बराचसा भाग गुप्तच असतो, आणि तो तसा असण्यास कारणे आहेत. पण शत्रूपासून लपवण्याच्या निमित्ताने उतरवलेला पडदा धन्यापासूनही लपवतो, आणि पुष्कळदा दुसरे लपवणे हेच अधिक यशस्वी होते. अफगाणिस्तानचे उदाहरण याला पुरेसे आहे. तेथे खर्च होणाऱ्या अमेरिकन पैशावर देखरेख करण्यास २००८ मध्ये कायद्याने एक महानिरीक्षक नेमला गेला. त्याने दर तिमाहीस काँग्रेसला अहवाल द्यावयाचा. अफगाण पलटणींत किती माणसे आहेत, किती पळून जातात, किती मरतात, सामग्री कितपत चालू आहे, हे त्यात येत असे. हजिरीपटावर असलेल्या पण प्रत्यक्षात नसलेल्या शिपायांचा पगार कोण खातो, हाही त्यातला विषय होता. बदायुनीला तो ओळखीचा वाटला असता. २०१७ च्या ऑक्टोबरात यांपैकी बहुतेक आकडे अफगाण सरकारच्या विनंतीवरून गुप्त करण्यात आले. महानिरीक्षक जॉन सॉप्को यांनी उघड सांगितले की हे अफगाणांना ठाऊक आहे, तालिबानला ठाऊक आहे, अमेरिकन सैन्यालाही ठाऊक आहे. ज्याला ठाऊक नाही तो फक्त याचे पैसे देणारा अमेरिकन करदाता. कागदावर तीन लाखांच्या घरात असलेले ते अफगाण बळ २०२१ च्या उन्हाळ्यात काही आठवड्यांत विरघळले आणि १५ ऑगस्ट रोजी काबूल पडले.

भारतात अमेरिकेच्या धर्तीचे कलम नाही. सेनादलांनी ठराविक मुदतीने आपल्या सिद्धतेचा अहवाल संसदेस द्यावा असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. जे आहे ते दोन वाटांनी. एक वाट संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीची. २०१८ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या या समितीच्या अहवालात भूसेनेच्या उपप्रमुखांची साक्ष आहे, की सैन्याच्या सामग्रीपैकी ६८ टक्के जुनाट आहे, २४ टक्के चालू काळातील आणि अवघी ८ टक्के अद्ययावत. एक सेनाधिकारी संसदेच्या समितीपुढे इतके स्वच्छ बोलला, आणि समितीने ते छापले, याबद्दल दोघांचेही अभिनंदन करावयास हवे.

दुसरी वाट महालेखापरीक्षकांची. राज्यघटनेच्या १५१ व्या अनुच्छेदाप्रमाणे त्यांचे अहवाल राष्ट्रपतींकडे जातात आणि राष्ट्रपती ते संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेववतात. हे अहवाल मुळात पैशाच्या हिशेबाचे. पण दारूगोळ्याचा हिशेब तपासला म्हणजे सिद्धताच तपासली जाते. २०१५ च्या मे महिन्यात संसदेपुढे आलेल्या अहवालात असे दिसले की युद्धासाठी चाळीस दिवसांचा साठा ठेवण्याचे प्रमाण ठरलेले असताना, मार्च २०१३ मध्ये १७० प्रकारांच्या दारूगोळ्यापैकी ८५ प्रकार दहा दिवसांनाही पुरते नव्हते. पुन्हा २१ जुलै २०१७ रोजी दुसरा अहवाल आला: सप्टेंबर २०१६ मध्ये १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकार दहा दिवसांच्या आत संपणारे. म्हणजे तीन वर्षांत निम्म्यांवरून चाळीस टक्क्यांवर. सुधारणा झाली होती, पण कोणी मिठाई वाटावी इतकी नव्हे.

हा दुसरा अहवाल आला तेव्हा डोकलाम येथे भारत व चीन यांचे सैन्य समोरासमोर उभे होते. १६ जूनला सुरू झालेला तो पेच २८ ऑगस्टपर्यंत चालला. अशा वेळी हे आकडे बाहेर यावेत काय, असा प्रश्न पुष्कळांनी केला, आणि तो गैर नव्हता. सीमेवर उभ्या असलेल्या जवानाच्या घरच्या माणसांनी ती बातमी वाचून काय करावयाचे? पण त्याच घरच्या माणसांच्या वतीने हेही विचारता येईल, की २०१५ चा अहवाल शांततेच्या काळात आला होता, तेव्हा कोठारे किती भरली? पुढील काही वर्षांत संरक्षणविषयक लेखापरीक्षेचे अहवाल महालेखापरीक्षकांच्या संकेतस्थळावर ठेवणे थांबवण्यात आले. परदेशात बसून कोणासही ते एका क्षणात वाचता येऊ नयेत हा त्यामागचा विचार. छापील प्रत मात्र घटनेच्या १५१ व्या अनुच्छेदाप्रमाणे सभागृहाच्या मेजावर ठेवावीच लागते. ती उचलून वाचणे हे सभासदांचे काम.